पंखे पुसून मिळतील

लांबकाकांचा धंदा भांडवलावर सुरू झाला नाही, तोंडातून निसटलेल्या एका वाक्यावर सुरू झाला. आणि तोंडातून निसटलेलं वाक्य मागे घेणं त्यांच्या घराण्यात आजवर कुणाला जमलेलं नव्हतं.

झालं असं. इमारतीच्या सेक्रेटरींच्या दिवाणखान्यातला पंखा पुसून काका नुकतेच घरी आले होते. काका उंच होते. उंच म्हणजे चारचौघांत उभे राहिल्यावर उठून दिसतात तसे नव्हे. चारचौघांत बसले तरी उभे वाटत. जिन्यातला दिवा गेला, कुणाची बॅग माळ्यावर अडकली, कुणाचा टॉवेल वरच्या मजल्याच्या जाळीला लटकला, की 'लांबकाकांना बोलवा' हे ठरलेलं. दिवा लागला की काकांची आठवण विझे. कामापुरता मामा म्हणतात ना, तसे हे कामापुरते काका.

ते खुर्चीत टेकतात न टेकतात तोच काकूंचा व्हिडिओ कॉल आला. काकू लेकीच्या बाळंतपणासाठी म्हणून परदेशी गेल्या होत्या. बाळंतपण झालं, बाळ रांगलं, चाललं, आता दारं आपटू लागलं, तरी काकूंच्या परतीची तारीख काही ठरत नव्हती. लेक नोकरीला, जावई नोकरीला. बाळाला आजीवाचून कोण? काकाही एकदा तिकडे जाऊन आले होते. पण 'बाबा, तुम्ही नुसता आराम करा' असं जावई इतक्या आदरानं म्हणे, की आपण त्यांच्या सोफ्याचाच एखादा भाग आहोत असं काकांना वाटू लागलं. शेवटी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचाय, म्हणजे आपण जिवंत आहोत हे समक्ष हजर राहून सांगायचंय, असं निमित्त काढून ते परतले. खिडकीतल्या कारकुनानं त्यांच्याकडे एकवार बघून ते जिवंत असल्याचं मान्य केलं. त्यानंतर तसं मान्य करणारं फारसं कुणी भेटलं नव्हतं.

"अहो, डोक्याला काय लागलंय तुमच्या?" काकूंनी विचारलं.

काकांनी फोनच्या कोपऱ्यातल्या चौकोनात स्वतःकडे पाहिलं. सेक्रेटरींच्या पंख्यावरची सगळी धूळ केसांवर उतरली होती.

"काही नाही. पंखा पुसत होतो."

"आपला?"

"नाही, सेक्रेटरींचा."

"म्हणजे लोकांचे पंखे पुसायला वेळ आहे! मग इकडे का येत नाही? एकट्याचं असं काय काम अडलंय तिथे?"

प्रश्न साधा होता. पण काकूंच्या मागे लेकीचं स्वच्छ, उजेडानं भरलेलं घर दिसत होतं, आणि काकांच्या मागे धुऊन पालथी घातलेली एकच ताटली. एखाद्याला वर्मी लागायला एवढं पुरतं.

"धंदा सुरू केलाय," काका म्हणाले.

"कसला?"

"पंखे पुसण्याचा."

पलीकडे काही क्षण नुसती शांतता. नेटवर्क गेलं की बायको गप्प झाली, हे काकांना कळेना. मग काकू म्हणाल्या, "बरं. स्टूल डुगडुगत नाही ना बघा," आणि बाळ काहीतरी पाडत होतं म्हणून फोन बंद झाला.

लग्नात कुणीतरी या जोडप्याचं नाव 'दहा' ठेवलं होतं. काका एकासारखे सरळसोट, काकू बुटक्या आणि गोल; दोघं शेजारी उभे राहिले की दहाचा आकडा. गणिताच्या मास्तरांनी शून्याला किंमत नसते असं शिकवलं होतं. मास्तर बहुधा अविवाहित असावेत.

तर, धंदा. खोटं बोलणं काकांना मानवत नसे, म्हणून बोललेलं खरं करणं भाग होतं. आणि खरं सांगायचं तर पंखा पुसण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. आधी बटण बंद करायचं, पंखा पुरता थांबू द्यायचा. मग उशीचा जुना अभ्रा पात्यावर पिशवीसारखा चढवायचा आणि दोन्ही हातांनी दाबत मागे ओढायचा. धूळ अभ्र्यात, पलंग स्वच्छ. नंतर साबणाचं फडकं, मग कोरडं. स्वयंपाकघराजवळचा पंखा असेल तर कडेला जमलेल्या तेलकट काळ्या थराशी जरा प्रेमानं वागायचं. सगळी पाती सारखी पुसायची, नाहीतर पंखा लंगडतो. काकूंनी जुने अभ्रे कपाटात रचून ठेवले होते. ते एकेक कमी होऊ लागले, तेव्हा काकांना उगाच चोरी केल्यासारखं वाटलं.

कमी होऊ लागले म्हणजे स्वतःच्याच घरातले पंखे पुसण्यात. गिऱ्हाईक एकही नव्हतं.

"काका, धंदा उत्तम आहे, पण तो दिसत नाही," सेक्रेटरी म्हणाले. सेक्रेटरींनी आयुष्यात कधी काही विकलं नव्हतं, त्यामुळे विक्रीबद्दल त्यांची मतं ठाम होती. "बोलणाऱ्याची बोरंसुद्धा खपतात. तुम्ही बोलत नाही, ठीक आहे, पण निदान दिसा तरी! देवानं एवढी उंची दिली आहे. तुम्हीच बोर्ड व्हा."

काका बोर्ड झाले. पाठीवर 'पंखे पुसून मिळतील' आणि खाली फोन नंबर छापलेला पिवळाजर्द शर्ट त्यांनी शिवून घेतला. पुढे नको, मागे. पुढे छापलं तर लोक तोंडावरच हसतील असा त्यांचा हिशेब. तो शर्ट घालून ते रोज संध्याकाळी बाजारातून फेरी मारू लागले. पाठीवरची जाहिरात स्वतःला दिसत नाही, आणि वाचणाराही दिसत नाही, ही अडचण आधी कुणाच्या लक्षात आली नव्हती. मागून येणाऱ्याला नंबर उतरवून घ्यायला वेळ मिळावा म्हणून काका फार हळू चालत. कुणी हाक मारील म्हणून चौकाचौकात थांबत. मागे पावलं वाजली की कान टवकारत. पावलं जवळ येत, बाजूनं पुढे निघून जात. एकदा खरोखरच मागून "अहो!" अशी हाक आली. काका गर्रकन वळले. त्या गृहस्थांना वाट हवी होती.

मग सेक्रेटरींनी गॅलरीवर खराखुरा बोर्ड लावायचा सल्ला दिला आणि त्यासाठी नगरपालिकेची परवानगी लागते हेही सांगितलं. परवाना खात्याच्या टेबलाशी काका अदबीनं उभे राहिले.

"पंखे विकता?" कारकुनानं मान वर न करता विचारलं.

"नाही."

"दुरुस्त करता?"

"नाही. पुसतो."

कारकुनानं आता मान वर केली. काकांचं तोंड दिसायला ती आणखी बरीच वर करावी लागली. "पुसणं असा प्रकारच नाही आमच्याकडे. उंचावरची कामं या सदरात टाकतो. पण मग शिरस्त्राण, कमरेचा पट्टा आणि अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला लागेल."

"अहो, पण मी स्टुलावर उभा राहतो."

"स्टुलावर?" कारकून विचारात पडला. "मग तात्पुरतं बांधकाम."

हे चालू असताना काकांची नजर छताकडे गेली होती. कारकुनाच्या डोक्यावरचा पंखा त्या कार्यालयासारखाच चालत होता. म्हणजे चालू आहे एवढंच म्हणता येई. पात्यांच्या कडांना लोकरीसारखी धूळ लोंबत होती. काकांचे हात शिवशिवले. पिशवीत अभ्रा होताच. "प्रकार कळत नसेल तर दाखवतोच," असं म्हणून त्यांनी बटण बंद केलं, खुर्ची ओढली आणि कारकून 'अहो, अहो' म्हणेपर्यंत पाती लखलखीत करून टाकली. भोवतीच्या टेबलांवरचे लोक उठून बघायला आले. कुणीतरी "वा!" म्हणालं. त्या 'वा'च्या भरात काकांनी बटण दाबलं.

वर्षानुवर्षं ओझं वाहून दमलेला तो पंखा आता असा सुटला, की परवाना खात्यातले सगळे कागद एकदम हवेत गेले. काही जन्म-मृत्यू विभागात उतरले, काही खिडकीबाहेर. चपराशी, कारकून, रांगेतली माणसं, सगळे ओणवे होऊन कागद गोळा करू लागले. काकाही करू लागले, पण त्यांना वाकायला वेळ लागतो. साहेब केबिनमधून बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, "हे कुणी केलं?" तेव्हा उभा दिसणारा माणूस एकच होता.

बोर्ड बारगळला.

शेवटी उरली वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात. ती ज्या दिवशी आली, त्या दिवशी काकांनी अंक विकत आणून ती पुन्हा पुन्हा वाचली. म्हणजे वाचली असं त्यांना वाटलं. आपलंच लिहिलेलं माणूस वाचत नसतो, आठवत असतो. दुपारी कोपऱ्यातला जुना, तारेचा फोन वाजला. आपल्या घरातला फोन इतक्या मोठ्यानं वाजतो हे काका विसरूनच गेले होते.

"जाहिरात वाचली," पलीकडून एक वयस्कर गृहस्थ म्हणाले. "आमचा फार जुना आहे. माझ्या वडिलांच्या वेळचा."

"असू दे, असू दे. जुनाच चांगला. फिरतो का नीट?"

"हल्ली नाही फिरत. एका जागी असतो. मधूनच कर्कश आवाज करतो."

"तेल घातलंत?"

"तेल?" गृहस्थ गडबडले. "आम्ही मिरची घालतो."

आवाज करणाऱ्या पंख्याला मिरची घालणारं गिऱ्हाईक काकांनी ऐकलं नव्हतं; पण पहिलंच गिऱ्हाईक, त्याला शिकवायला कोण जाणार? स्टूल आणि पिशवी घेऊन ते दिलेल्या पत्त्यावर पोचले. गृहस्थांनी त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि पिंजऱ्यावरचं कापड बाजूला केलं. आत एक वयोवृद्ध पोपट मान तिरकी करून काकांकडे बघत होता.

"पंखा कुठाय?" काकांनी विचारलं.

"पंख ना? हे काय. पण सांभाळून, उजवा दुखतो त्याचा."

गृहस्थांनी वर्तमानपत्र आणून दाखवलं. 'पंख पुसून मिळतील. घरी येऊन, हलक्या हातानं.' एक मात्रा गळाली होती. काकांना त्या क्षणी निघून जाता आलं असतं. पण गृहस्थांनी चहा टाकला होता, टेबलावर दोन कप मांडून ठेवले होते, आणि दुसरा कप बऱ्याच दिवसांनी बाहेर निघाल्यासारखा नुकताच धुतलेला दिसत होता. काकांनी फडकं ओलं केलं. पोपटानं डावा पंख पुसू दिला. उजव्याच्या वेळी त्यानं काकांच्या बोटाचा कडकडून चावा घेतला आणि चारचौघांत न शोभणारा एक शब्द उच्चारला.

"वडिलांचा शब्द आहे," गृहस्थ ओशाळून म्हणाले. चहा होईपर्यंत मग ते वडिलांबद्दल बोलत राहिले.

त्यानंतरच्या दिवसांत कबुतरवाल्याचा फोन आला, मुलांच्या नाटकातल्या पऱ्यांचे मळलेले पंख घेऊन एक बाई थेट दारात आल्या, आणि एका माणसानं नुसतं एवढंच विचारलं, "छाटलेले असले तर?" काकांनी नुसता फोन धरून ठेवला. तोही बराच वेळ धरून होता. व्हिडिओ कॉलवर काकूंनी बोटाची पट्टी बघून "हे काय?" विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "पंख्यानं." "पंख्यानं काय?" "चावला," असं तोंडाशी आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन काकांनी तक्रार केली. जाहिरात खिडकीवरचा माणूस शांत होता. "फक्त एक मात्रा गेलीय, काका. आम्ही मात्रेचे पैसे लावत नाही." तरी त्यानं शुद्धिपत्र छापायचं कबूल केलं, आणि छापलंही, ठळक चौकटीत: 'पंख नव्हे, पंखे,' आणि खाली फोन नंबर. या वेळी काकांनी अक्षरन् अक्षर तपासलं, मात्रेवर बोट ठेवून बघितलं, आणि अभिमानानं फोटो काढून काकूंना पाठवला.

मग ते फोनशेजारी बसले. फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन चालू आहे ना, म्हणून त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. आतला तो अखंड सूर ऐकत ते जरा जास्तच वेळ थांबले, आणि मग एवढ्यात कुणाचा फोन आला असला तर, म्हणून घाईनं खाली ठेवला. स्टूल दाराशी तयार होतं. अभ्रे धुऊन घडी केलेले होते. संध्याकाळी त्यांनी पिवळा शर्ट घातला, आणि पुन्हा काढून ठेवला.

तिसऱ्या दिवशी तो वाजला.

"पंखेवाले का?" आवाज बाईचा होता, वयस्कर, पण शब्द न् शब्द धुऊन ठेवल्यासारखा स्वच्छ. "अहो, काय हे! तुमची गिऱ्हाइकं माझ्याकडे येतायत. परवापासून फोनला उसंत नाही."

"तुमच्याकडे?"

"शुद्धिपत्रात तुमचा शेवटचा आकडा चुकलाय. एकाचा नऊ झालाय. नऊ म्हणजे मी. आधीची जाहिरात काढून ताडून बघितलं, तेव्हा तुम्ही सापडलात. छोट्या जाहिराती मी सगळ्या वाचते. वेळ असतो."

काका शरमिंदे झाले. "माफ करा हं. मी आजच्या आज कचेरीत जाऊन पुन्हा शुद्धिपत्र..."

"कशाला?" बाई इतक्या घाईनं म्हणाल्या, की त्यांचं त्यांनाच ते जाणवलं. मग त्या सावकाश बोलल्या. "हे बघा, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते मी. सगळा जन्म लोकांना लोकांशी जोडून देण्यात गेला. निवृत्त झाल्यापासून या फोनवर फक्त बँकेची मुलगी बोलते, तीसुद्धा रेकॉर्ड केलेली. तुमचे फोन मी घेते. मला काही नको. फक्त शुद्धिपत्र तेवढं छापू नका."

आणि अशा रीतीनं धंदा चालला. नुसता चालला नाही, तर त्या नगरपालिकेतल्या पंख्यासारखा सुटला. ऑपरेटरबाई फोन उचलून "पंखे स्वच्छता सेवा, बोला!" असं काही म्हणत, की समोरच्याला ही एखादी सातमजली कंपनी वाटे. "पंख्याखाली पलंग आहे का? घरात कुत्रं आहे का? आमचे तज्ज्ञ उद्या सकाळी येतील." कुणी घासाघीस केली तर, "थांबा, वरिष्ठांना विचारते," म्हणून त्या रिसीव्हर बाजूला धरत आणि स्वतःच एक धून गुणगुणत. धून संपली की वरिष्ठांनी नकार दिलेला असे. रोज सकाळी त्या काकांना पत्ते सांगत आणि दुपारी कामं कशी झाली ते विचारत. सेक्रेटरी इमारतीत सांगत सुटले, "मी म्हटलं नव्हतं, दिसलं पाहिजे?" काकांनी त्यांना दुखावलं नाही. वास्तविक हा सगळा धंदा कुणालाही काहीही न दिसता, नुसता ऐकू येऊन वाढला होता.

काका घरोघर हिंडू लागले. स्टुलावर उभं राहिलं की लोकांच्या कपाटांचे माथे दिसतात. तिथे ठेवलेल्या वस्तू घरचे लोक विसरलेले असतात. मोडलेलं खेळणं, कुणाची तरी काठी, कधीच न उघडलेलं भेटीचं खोकं. काका ते बघत आणि काही बोलत नसत. एकट्या माणसांची घरं बरीच निघाली. पुसून झालं की पंखा लावून बघायचा असतो. तेवढा वेळ काका आणि ते माणूस शेजारी शेजारी उभे राहून वर बघत. "वारा लागतोय हं आता," कुणी म्हणे. मग दार लागे, आणि काका स्टूल उचलून जिना उतरत. घरी येऊन हातपाय धुतले की पुन्हा ती एक ताटली.

काकूंशी मात्र बोलणं आटत चाललं होतं. "जेवलात?" "जेवलो." "बाळ?" "झोपलंय." एवढ्यावर फोन संपू लागला. धंद्याचं काही सांगायला जावं तर काकू "हं, हं" म्हणत, जणू त्यांना सगळं आधीच ठाऊक होतं. कोण कुठली ऑपरेटरबाई, हे सांगायचं काका टाळत होते. पाप काहीच नव्हतं. पण 'एक बाई रोज फोन करतात आणि मी वाट बघतो' हे वाक्य कुठूनही सुरू केलं तरी सरळ उभं राहत नव्हतं.

एका सकाळी पत्ते सांगून झाल्यावर ऑपरेटरबाई म्हणाल्या, "तुमचं एक गिऱ्हाईक मोठं अजब आहे, पंखेवाले. अगदी शुद्धिपत्र आलं त्या दिवसापासून फोन करतेय, आणि पत्ताच देत नाही."

"मग काय बोलते?"

"पहिल्या दिवशी नुसतं, 'तुम्ही कोण बोलताय?' असं जरा चढ्या आवाजात. मी म्हटलं, ऑपरेटर. मग मऊ झाली. तेव्हापासून रोज करते, दुपारच्याला. परदेशातून असणार. दूरच्या कॉलला आवाज मागून येतो, दोघांचे शब्द एकमेकांवर आदळतात. मला कळतं ते. म्हणते, घरात दिवसभर कुणी नसतं, एक लहान मूल आहे, ते अजून बोलत नाही. घरचे संध्याकाळी येतात ते दमून. मला म्हणाली, 'तुमच्याशी बोलले नाही तर संध्याकाळपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू येत नाही.'"

काकांनी पत्ते लिहायची पेन्सिल खाली ठेवली.

"आणि मधूनच विचारते, 'तुमचा तो माणूस स्टुलावरून पडत-बिडत नाही ना? दुपारी वेळेवर खातो का?' आता बघा! पंखा पुसून घेणाऱ्या बाईला याच्याशी काय करायचंय? मी विचारलं, 'तुमचे यजमान कुठे असतात?' तर म्हणाली, 'ते कामात असतात. रोज बोलतो आम्ही. पण बोलायला काही सुचत नाही. मी इथे कंटाळलेय म्हटलं तर लेकीला वाईट वाटेल, आणि त्यांना सांगितलं तर ते आपला मांडलेला धंदा मोडून इकडे येतील.' ... हॅलो? पंखेवाले? लाइन गेली का?"

"नाही," काका म्हणाले. "आहे."

ऑपरेटरबाईंनी ते 'आहे' नीट ऐकलं. सगळा जन्म लाइनीवरच्या शांतता ऐकलेलं माणूस ते.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "मी चुकीच्या जागी जोडून दिलं का?"

"नाही हो," काका म्हणाले. "बरोबर जोडलंत."

त्या दिवशी काका ठरलेल्या कामांना गेले, पण एका घरी त्यांनी पंखा पुसून स्टूल तिथेच विसरलं, आणि दुसऱ्या घरी खुर्चीवर उभं राहून काम उरकलं. संध्याकाळी त्यांनी स्वतःहून काकूंना फोन लावला. व्हिडिओ नाही, साधा. तोंड दिसत नसलं की बोलणं जरा सोपं जातं, हे त्यांना अलीकडे कळलं होतं.

"काय हो, आज मध्येच?" काकूंचा आवाज घाबरला. "बरे आहात ना?"

"बराय मी. जेवायचा आहे अजून."

"मग?"

"काही नाही. एका गिऱ्हाइकाचं काम राहिलंय. बाई रोज फोन करतात, पण पत्ता देत नाहीत."

पलीकडे शांतता. या वेळी मात्र नेटवर्क की बायको, हा प्रश्न काकांना पडला नाही.

"पत्ता तुम्हाला ठाऊक आहे," काकू म्हणाल्या.

काकांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "येऊ का मग मी तिकडे? ऑपरेटरबाई बघतील इथलं काही दिवस."

"येऊन काय कराल?"

"पंखे आहेत ना?"

"इथे कुठले पंखे? एकसुद्धा नाही घरात."

"मग पंचाईत आहे," काका म्हणाले. त्यांना हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. उंच माणसांचं असं काही झालं तर कुणाला दिसत नाही, ही एक सोय.

काकूंनी नाक ओढलेलं स्पष्ट ऐकू आलं. आणि मग बऱ्याच दिवसांत न ऐकलेल्या, इथे घरी असतानाच्या ठणठणीत आवाजात त्या म्हणाल्या, "तुम्ही नका येऊ. मीच येते."

"आणि बाळ?"

"बाळाला आई आहे, बाप आहे. पाळणाघर आहे खालच्या रस्त्यावर, रोज बघते मी येता-जाता. आणि मी कायमची थोडीच चाललेय? पण आता येते."

"लेकीला सांगितलंस?"

"आता सांगते. आतच आहे ती, नुकतीच आलीय." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "सांगून येते. तोवर तुम्ही फोन ठेवू नका."

काकूंची पावलं दूर गेली. एक दार उघडलं. मग त्यांचा आवाज, हळू, शब्द न कळणारा. मग लेकीचा, जरा मोठा. मग पुन्हा काकूंचा. मध्येच बाळानं काहीतरी आपटलं आणि तिघांचे आवाज एकमेकांत मिसळले. इकडे अंधार पडत आला होता. काकांनी दिवा लावायला हात वर केला, पण त्यासाठी रिसीव्हर कानापासून दूर गेला असता, म्हणून तो तसाच खाली घेतला, आणि ते ऐकत उभे राहिले.